उंबऱ्यावर किती दिवस?

कुणी चुलीपुढं बसून ऐकत असेल, कुणी गटाच्या बैठकीत रेडिओ मधोमध ठेवून. आज बोलायचं आहे ते एका जागेबद्दल. ही जागा प्रत्येक घरात असते, दिवसातून पन्नासदा आपण तिच्यावरून पाय टाकतो, आणि तिथं बसलं की घरातलं कुणीतरी म्हातारं माणूस ओरडतंच. उंबरा.

उन्हाळ्यात आम्ही एका वस्तीवर गटाच्या बैठकीला गेलो होतो. सोप्यात बायका दाटीवाटीनं बसलेल्या. घरातल्या धाकट्या सुनेनं सगळ्यांना चहा दिला आणि ती चौकटीला टेकून तिथंच उंबऱ्यावर बसली. सासूबाई लगेच म्हणाल्या, "अगं, उंबऱ्यावर बसू नये. एक तर आत जा, नाहीतर बाहेर ये." सगळ्या हसल्या. तीही हसली, उठली, पण उभी राहिली ती चौकटीतच. पुढं बैठकीत कागदपत्रांची यादी करायला घेतली. कुणाकुणाचं रेशनकार्ड आहे, कुणाचं नाव कुठल्या कार्डावर आहे. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "माझं नाव कुठंच न्हाई. माहेरच्या कार्डावरनं काढलं, हितल्या कार्डावर चढलं न्हाई. चार वर्षं झाली."

मग आम्हाला कळलं, ही बाई खरोखरच उंबऱ्यावर बसलेली आहे. एक पाय बाहेर, एक पाय आत, आणि हिशेबात कुठंच नाही.

त्या दिवसापासून आम्ही गावोगाव विचारत सुटलो, की बाई, तुझ्या आयुष्यात असे मधले दिवस कुठले आले? ना धड इथले, ना धड तिथले. एकीनंही "माझ्या नाही आले" असं म्हटलं नाही.

आधी उंबऱ्याचंच बघू. आपल्या जुन्या माणसांनी या एका लाकडाच्या किंवा दगडाच्या पट्टीला किती नियम लावून ठेवलेत! तिथं बसू नये, तिच्यावर पाय देऊ नये, शिंकू नये, उंबऱ्यात उभं राहून देणंघेणं करू नये. सकाळी सडा झाला की हळदकुंकू आधी उंबऱ्याला. तिन्हीसांजेला दारात दिवा. तिन्हीसांज म्हणजे तरी काय? दिवसही नाही आणि रात्रही नाही, अशी वेळ. त्या वेळेला झोपू नये, केर काढू नये, तान्ह्या लेकराला बाहेर काढू नये. कारण विचारलं तर आज्जी म्हणते, "लक्ष्मी यायची वेळ असते, वाट अडवू नये." लक्ष्मीचं एक राहू द्या. आम्हाला त्यात दुसरंही काही दिसतं. जिथं दोन गोष्टी भेटतात, तिथं जपून वागायचं, एवढं त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

नरसिंहाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. हिरण्यकश्यपूनं वर मागितला होता: दिवसा मरण नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाच्या हातून नको, जनावराच्या हातून नको, जमिनीवर नको, आकाशात नको. सगळ्या बाजू त्यानं बंद केल्या. मधली जागा तेवढी विसरला. नरसिंह आला तिन्हीसांजेला, अर्धा माणूस अर्धा सिंह, आणि उंबऱ्यावर मांडीवर घेऊन त्यानं त्याला फाडला. इंदापूर तालुक्यातलं नीरा नरसिंहपूर तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिलं असेल. तेही नीरा आणि भीमा जिथं एकमेकींना मिळतात तिथंच आहे. मधल्या जागेत ताकद असते, तशी भीतीही असते. म्हणून तर गावाच्या वेशीवर म्हसोबा, मरीआई, वेताळ बसवलेले असतात. पुण्याच्या आसपास पायी हिंडून दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी जुन्या वाटा जिथं एकमेकींना छेदतात तिथली आईची ठाणी शोधली, आणि 1962 साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलं. देवीसुद्धा चव्हाट्यावरच बसलेल्या, घरात नाहीत.

आता थोडं लांबचं सांगतो. आर्नोल्ड व्हॅन गेनेप नावाचे एक अभ्यासक होऊन गेले. फ्रान्समध्ये राहून त्यांनी 1909 साली एक पुस्तक लिहिलं. जगभरातल्या लग्नाच्या, जन्माच्या, मरणाच्या, वयात येण्याच्या चालीरीती त्यांनी गोळा केल्या आणि त्यांना दिसलं की सगळीकडे तीन टप्पे असतात. पहिल्यांदा माणसाला जुन्या जागेवरून काढतात. मग काही दिवस त्याला मध्ये ठेवतात. शेवटी नव्या जागी बसवतात. मधल्या टप्प्याला त्यांनी जे नाव दिलं ते लॅटिन भाषेतल्या एका शब्दावरून, आणि त्या शब्दाचा अर्थ आहे उंबरठा. बघा, सासूबाई सोप्यात जे म्हणाल्या तेच!

आपल्या लग्नात हे तीन टप्पे इतके ठळक आहेत की वेगळं समजवायची गरज नाही. हळद लागली की नवरीनं वेशीबाहेर जायचं नाही, एकटीनं फिरायचं नाही. नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार देतात. म्हणजे दोघंही आता साधी माणसं राहिली नाहीत, त्यांना सांभाळा. वरात आली की सीमांतपूजन. या शब्दातच सीमा आहे. पूर्वी नवरदेवाला गावाच्या शिवेवर थांबवून पुजायचे, आता ते कार्यालयाच्या दारात होतं. मग अंतरपाट. पलीकडे कोण आहे ते ठाऊक असतं, पण दिसत नाही. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, की दोघं एकमेकांची. आणि सासरच्या दारात पुन्हा थांबवणं: भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी, उंबऱ्यावर तांदळाचं माप, ते उजव्या पायानं लवंडायचं आणि आत.

या सगळ्यात आम्हाला सगळ्यांत आवडते ती पाठराखीण. नवरीबरोबर तिच्या माहेरची कुणीतरी जाते. बहीण, मावशी, आज्जी, कधी शेजारची एखादी पोक्त बाई. दोन दिवस तिच्याजवळ झोपते, तिला पाणी कुठं ठेवलंय ते विचारून देते, तिला भूक लागली तर ती न लाजता सासूला सांगते. काम एवढंच. पण हे काम ज्यांनी शोधून काढलं त्या बायकांना मधल्या दिवसांचं दुखणं नेमकं कळलेलं होतं. मधल्या दिवसात माणसाला स्वतःसाठी बोलता येत नाही. त्याच्यासाठी बोलणारं दुसरं कुणीतरी लागतं. आणि पुढं पंचमीला, दिवाळीला मुऱ्हाळी येणार, हेही ठरलेलं. मधल्या दिवसांना सोबत होती आणि शेवटही होता.

इथं एक गोष्ट सांगाविशी वाटते. इरावती कर्वे यांनी 1953 साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर मोठं पुस्तक लिहिलं. उत्तरेकडे मुलगी अनोळखी गावात, अनोळखी घरात देतात. दक्षिणेकडे नात्यातच लग्नं होतात. आपला महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये. इथं मामाची मुलगी करणं चालतं, म्हणजे कितीतरी मुलींची सासू ही तिची आत्याच असते. अशा घरात पाठराखीण कमी दिवस राहिली तरी चालत असेल. अर्थात आत्या सासू झाल्यावर आत्या राहतेच असं नाही, हे आमच्या गटातल्या दोघी-तिघींनी फार जोरात सांगितलं, आणि ते इथं नोंदवल्याशिवाय त्या आम्हाला सोडणार नाहीत.

लग्नाखालोखाल बाळंतपण. पाचवी, बारावा, सव्वा महिना. उशाशी विळा, अंगाला शेक, खायला डिंक-आळीव. दिवस मोजून दिलेले. आपली आशाताई बाळंतिणीकडे येते तेही मोजूनच: दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. आज्जीचा सव्वा महिना आणि आरोग्य खात्याचे 42 दिवस यांत फारसं अंतर नाही.

पण नेमकी इथंच एक फट आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. पोटुशी बाईची नोंद सासरच्या गावात होते, सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी जाते. सासरची आशाताई म्हणते ती इथं नाही, माहेरची आशाताई म्हणते ती माझ्या यादीत नाही. दोघींची चूक म्हणता येत नाही, आणि बाळाचं वजन मात्र कुणीच करत नाही. म्हणून ओटी भरून लेकीला माहेरी नेताना पिशवीत साडीच्या आधी माता व बाल संरक्षण कार्ड ठेवा. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी माहेरच्या आशाताईला आणि नर्सबाईला जाऊन सांगा की आमची लेक आली आहे, तारीख अमुक. परत जाताना सासरच्या आशाताईला तसाच निरोप. हे काम बाळंतिणीनं करायचं नसतं. तिच्या पाठराखिणीनं करायचं असतं.

सगळ्याच जुन्या चाली गोड होत्या असं आम्ही म्हणणार नाही. गडचिरोलीत काही गावांत पाळीच्या दिवसांत बाईला गावाकडेच्या कुर्माघरात जाऊन राहावं लागतं. पावसात गळकं छप्पर, खाली ओल, सापविंचवाची भीती. आपल्याकडेही पुष्कळ घरांत बाजूला बसणं आहेच. हेही मधलेच दिवस. पण इथं बाईला सांभाळलेलं नाही, तिला बाहेर काढलेलं आहे. फरक ओळखायला आम्ही एक साधा प्रश्न विचारतो: या दिवसांत तिच्याजवळ कोण आहे? बाळंतिणीच्या खोलीत आई असते. कुर्माघरात कुणी नसतं, किंवा तिच्यासारखीच दुसरी एखादी असते.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. त्या सुनेच्या रेशनकार्डाकडे.

2011 च्या जनगणनेत आपलं मूळ ठिकाण सोडून दुसरीकडे राहणारी माणसं 45 कोटींहून जास्त निघाली. त्यांत बायका जास्त, आणि बायकांच्या जाण्याचं सगळ्यांत मोठं कारण लग्न. म्हणजे कामाच्या शोधात शहराकडे निघालेला पुरुष आपल्याला स्थलांतर करणारा वाटतो, पण देशातलं सगळ्यांत मोठं स्थलांतर हळद लावून, वाजतगाजत होतं. आणि त्याचे कागद कुणीच वेळेत करत नाही. माप ओलांडायला एक क्षण लागतो. कागदावरचा उंबरा ओलांडायला या बाईला चार वर्षं पुरली नव्हती.

तिचं झालं असं. लग्नानंतर भावानं कार्डावरून तिचं नाव कमी करून घेतलं. नाव कमी केल्याचा दाखला मात्र कुणी घेतला नाही. इकडं सासऱ्यांनी अर्ज दिला तर दाखला मागितला. दाखल्यासाठी माहेरच्या तालुक्याला जायचं, म्हणजे दोन एसट्या बदलायच्या. नवरा गेला, तर बाईंनी स्वतः यावं म्हणून सांगितलं. ती गेली तेव्हा साहेब बैठकीला. मग पोर झालं, मग सुगी आली. असं करत चार वर्षं. घरचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं आहे. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला 5 किलो धान्य. चार वर्षांचे 48 महिने, म्हणजे 240 किलो. दोन क्विंटल चाळीस किलो धान्य कागदाच्या उंबऱ्यावर सांडलं. तरी पोराचं धरलेलं नाही, कारण आईचंच नाव नाही म्हणून पोराचंही चढवायचं राहून गेलं.

हे काम नीट कसं करायचं ते लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर शेजारणीला लिहायला सांगा.

माहेरचं नाव कमी करायला जाताना लेकीनं स्वतः जावं, आणि नाव कमी केल्याचा दाखला हातात घेतल्याशिवाय परत फिरू नये. हे काम तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होतं. लग्नाची नोंद सासरच्या किंवा माहेरच्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे करून तो दाखला घ्या. आधारकार्डावर पत्ता सासरचा करून घ्या. हे तीन कागद जोडून सासरच्या तालुक्याला नाव चढवण्याचा अर्ज द्या. दोन्ही कामं एकाच महिन्यात उरका, मध्ये सण येऊ देऊ नका! आणि अर्ज दिला की पोच घ्या. पोच म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का आणि तारीख. महाराष्ट्रात 2015 साली लोकसेवा हक्क कायदा झाला. त्यात धरलेली सेवा किती दिवसांत द्यायची हे ठरलेलं असतं, कार्यालयात त्याचा फलक लावायचा असतो, आणि मुदत उलटली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. पण हातात पोच नसेल तर मुदत मोजणार कुठून? पोच म्हणजे तुमचं मधल्या दिवसांचं कॅलेंडर. एक मात्र आधीच सांगून ठेवतो: नाव चढलं की त्याच महिन्यात धान्य सुरू होईलच असं नाही. तालुक्याला किती माणसांचं धान्य द्यायचं याचा इष्टांक ठरलेला असतो, तो भरलेला असेल तर थांबावं लागतं. म्हणून तर उशीर नको.

नावाबद्दल आणखी एक. लग्नानंतर बाईनं आडनाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. बदलायचं तर सगळीकडे बदला, नाही बदलायचं तर कुठंच बदलू नका. आधारवर सासरचं, बँकेत माहेरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच, असं झालं की सरकारी पैसा खात्यावर यायच्या वेळी अडतो.

रेशनकार्डाचं निदान चार वर्षांनी का होईना होतं. ज्या मधल्या दिवसांना शेवटच नाही, त्यांचं काय? नवऱ्यानं टाकलेली बाई. "नांदवत न्हाई आन् सोडतबी न्हाई," असं आमच्या एका मैत्रिणीनं स्वतःबद्दल सांगितलं. लग्न झालेली म्हणून माहेरी हक्क नाही असं भाऊ म्हणतात, निघून गेली म्हणून सासरी हक्क नाही असं दीर म्हणतात. कपाळाला कुंकू आहे, घर नाही. या बायांसाठी आपल्या भाषेत धड शब्दसुद्धा नव्हता. टाकलेली, सोडलेली, बसवलेली. सगळे शब्द भांड्याकुंड्याचे. संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनातल्या त्यांच्या सोबत्यांनी ऐंशीच्या दशकात परित्यक्ता बायांना एकत्र आणून हा प्रश्न चव्हाट्यावर मांडला.

दोन्हीकडे हक्क नाही, हे साफ खोटं आहे. 2005 साली घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा झाला आणि 2006 च्या ऑक्टोबरपासून तो लागू आहे. तो सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे. त्यात म्हटलंय की ज्या घरात ती नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ती हा हक्क मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली सांगितलं. पोटगी वेगळी मागता येते; पूर्वी ते कलम 125 म्हणून सगळ्यांना पाठ होतं, आता नव्या संहितेत ते 144 झालं आहे. आणि माहेरी? 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मापासूनचा वाटा दिला. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख घरांनाही लागू आहे. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नव्हते म्हणून हक्क जात नाही, हेही 2020 सालीच ठरलं.

मग अडतं कुठं? हक्कसोड पत्रावर. भाऊ म्हणतो, "ताई, सही दे, माहेर तुझंच आहे." ताई सही देते, कारण तिला भीती असते की सही नाही दिली तर मुऱ्हाळी यायचा बंद होईल. आमच्यातल्याही काही जणींनी सही दिलेली आहे, खोटं कशाला बोलू. भावाशी भांडा असं आम्ही सांगत नाही. पण सही करायच्या आधी एकदा गटात बोला, आणि कुणी कोरा कागद पुढं केला तर चहा पिऊन घरी या. सासरच्या बाजूलाही करण्यासारखं आहे. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्यानं अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागतं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर दोघांच्या नावानं करता येतं. हे काम नांदत असताना, सगळं गोडीगुलाबीत असताना करायचं असतं. भांडण झाल्यावर कुणी अर्ज करत नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून बसून राहू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. आणि अडचणीच्या वेळी 181 हा नंबर आहे.

विधवा बाईबद्दल एकच सांगतो. तेराव्यानंतर घरातले सगळे परत रोजच्या कामाला लागतात. सुतक फिटतं. तिचं मात्र फिटत नाही. बांगड्या फोडून, कुंकू पुसून तिला जन्मभर त्याच दिवसात ठेवतात. म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये ठराव केला की आमच्या गावात हे होणार नाही. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. पुष्कळ गावांनी ठराव केले. ठराव वहीत राहिला की घरात उतरला, हे ज्या त्या गावच्या बायकांना ठाऊक.

ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणी हा भाग कोपीत बसून मोबाइलवर ऐकतील. दसरा-दिवाळीला गाव सोडायचं, पाडव्याच्या सुमाराला परत यायचं. सहा महिने ना या गावच्या ना त्या गावच्या. तुमच्यासाठी एवढंच: रेशनचं धान्य आता तुमच्या गावच्याच दुकानात घ्यायला पाहिजे असं नाही. कारखान्याजवळच्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून घेता येतं. कार्ड घरी सासूपाशी असलं तरी थोडं धान्य इकडं आणि बाकीचं तिकडं, असंही होतं. दुकानदार नाही म्हणाला तर त्याला "एक देश, एक रेशनकार्ड" एवढंच म्हणा. मुकादमाला मध्ये घेऊ नका.

आता त्या सुनेचं पुढं काय झालं? बैठकीतच ठरलं, की तिला एकटीला पाठवायचं नाही. गटातल्या एक पोक्त काकू, ज्यांना कचेरीत मोठ्यानं बोलायची सवय आहे, त्या तिच्याबरोबर निघाल्या. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. काकूंनी बाकावर बसून डबा सोडला आणि म्हणाल्या, "आम्ही थांबतो, एसटी सहाला हाय." साडेतीनला दाखला मिळाला. सासरच्या तालुक्याला अर्ज दिला, पोच घेतली, पोचेवरची तारीख गटाच्या रजिस्टरमध्ये लिहिली. दर बैठकीत बचत गोळा झाली की अध्यक्षबाई विचारायच्या, "हिची पोच किती दिवसांची झाली?" मुदत संपायच्या आत नाव चढलं, तिचं आणि पोराचंही. परवा ती आम्हाला एसटी स्टँडवर भेटली. बरोबर त्याच वस्तीवरची नवी सून होती, लग्नाला दोन महिने झालेली. दोघींकडे मिळून एकच पिशवी. कुठं निघाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "हिच्या माहेरच्या तालुक्याला. दाखला आणायचाय. डबा घेतलाय."